तिसरा खिसा

४ मार्च, सोमवार

लागले एकदाची कामाला. फिरती खुर्ची आहे, बाजूला खिडकी आहे, डोक्यावर पंखा आहे आणि कोणाची भांडी घासायची नाहीत. आणखी काय पाहिजे?

साहेब म्हणाले, रोज निघण्याआधी स्क्रीनच्या खालच्या कप्प्यात चार ओळी टाइप करत जा, बोटं वळतील. काय लिहू विचारलं, तर म्हणाले काहीही लिहा, दिवसभरात झालं ते लिहा, वाचणार कोण आहे. म्हणून हे. सहावीत शाळा सुटली माझी, चुका होणारच. असू देत.

ही नोकरी मला भांडणाने मिळाली. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली आणि आत मी. कंपनीचा नंबर आत लिहिलेला होता, तो लावला आणि तोंड सोडलं. शेवटी साहेब स्वतः मिस्त्रीला घेऊन आले. दार उघडल्यावर पहिलं हेच विचारलं, तुमच्याकडे माणसं बसवलीत की बाहुल्या. साहेब हसले. म्हणाले, आमची बाई काम सोडून गेली आहे, तुम्हीच या बसायला. मी म्हटलं पगार बोला.

काम सोपं आहे. स्क्रीनचे रेघा मारून तीन कप्पे केलेत. डावीकडे हाका येतात. लिफ्टमध्ये कोणी अडकून लाल बटण दाबलं की एक ओळ उमटते: कुठली इमारत, कितवा मजला, किती माणसं. ती ओळ उचलून उजव्या कप्प्यात ठेवायची, की मिस्त्रीच्या हातातल्या यंत्रावर जाते आणि तो स्कूटर काढतो. लिफ्टमध्ये वहीच्या पानाच्या चतकोराएवढी एक छोटी स्क्रीन असते, तिच्यावर आपोआप येतं, मदत येत आहे. खालचा कप्पा माझ्या या खरडण्याला.

एकच नियम. हाताने टाइप करून पत्ता पाठवायचा नाही. पूर्वी कोणाचा तरी एक आकडा चुकला होता आणि मिस्त्री गावभर फिरत बसला. माऊस ओढायचा, ओळीवर पिवळा पट्टा येतो, ती उचलायची, ठेवायची. बस.

दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा धाकटीने कुबडी टेकत उठून सलाम ठोकला. साहेबीणबाई आल्या म्हणे. ही माझी धाकटी बहीण. गुडघा गेल्यापासून माझ्याकडेच असते, सहाव्या मजल्यावर. जिना तिला जमत नाही आणि लिफ्टला ती घाबरते, म्हणजे घरात बसून नुसती भिंती मोजते. मी तिला म्हटलं, आता कसली भीती? अडकलीस तर लाल बटण दाब, तिकडे खुर्चीत मीच बसलेय. तुझी ओळ माझ्याच हाताने उचलीन. ती म्हणाली, उचल बाई, पण आपटू नकोस.

५ मार्च, मंगळवार

आठ-दहा हाका आल्या. सगळ्या सुटल्या. एका दुकानात मालक आणि त्याचं गिऱ्हाईक एकत्र अडकले होते. मिस्त्री सांगत होता, दार उघडलं तरी भाव ठरेपर्यंत दोघं बाहेर यायला तयार नव्हते.

आमच्या ऑफिसच्या इमारतीत माणसांची लिफ्ट नाही. दुनियेच्या लिफ्ट सांभाळतात आणि स्वतः जिना चढतात! मागच्या बाजूला मालाची लिफ्ट आहे, तिला आडवी फळी ठोकली आहे. साहेब म्हणाले बिघडली आहे, भाग मिळत नाहीत.

आधीच्या बाईचा स्वेटर अजून खुंटीला आहे. टेबलाखाली तिच्या चपला पण आहेत, निळ्या पट्ट्यांच्या. पायाला लागत होत्या म्हणून कोपऱ्यात सारल्या.

७ मार्च, गुरुवार

आज डोकं फिरलं. एक म्हातारे चौथ्या मजल्यावर अडकले. मी ओळ नीट उचलली, उजवीकडे ठेवली, आणि तिथे उमटली सकाळची जुनी ओळ. मी बघितलंच नाही. मिस्त्री भलतीकडे गेला. म्हातारे आत घामाघूम. मिस्त्रीने फोनवर विचारलं, बाई डोळे घरी ठेवून येता का. मी म्हटलं, डोळे आहेत, तुमचं यंत्र चोर आहे. उचलते एक, ठेवते भलतंच.

परत करून बघितलं. परत तेच. उद्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येतोय.

८ मार्च, शुक्रवार

दुरुस्तीवाला आला. इतका जाड चष्मा की डोळे बाटलीच्या बुडाशी असल्यासारखे. त्याला मी चष्मेवालाच म्हणते, त्याची हरकत नाही. शिकवताना मला मूर्ख समजत नाही, हे बरं आहे.

त्याने समजावलं ते असं. या यंत्राला एक नाही, तीन खिसे आहेत. नुसता पट्टा ओढला की ओळ पहिल्या खिशात जाते, ती माऊसचं चाक दाबून काढायची. बटणं दाबून कॉपी केलं की दुसऱ्या खिशात. आणि ज्या प्रोग्रामने स्क्रीनचे कप्पे पाडलेत, त्याचा स्वतःचा तिसरा. माझा पट्टा तो प्रोग्राम मधल्या मध्ये पकडून तिसऱ्या खिशात टाकत होता, आणि मी काढत होते पहिल्यातून. मग जुनंच येणार. मी म्हटलं, तिन्ही शिवून एक करून टाक. म्हणाला तसं होत नाही, मावशी. शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग पट्टा ओढा, म्हणजे तो प्रोग्राम मध्ये हात घालणार नाही.

आणखी एक सांगितलं. एका खिशात एकच वस्तू मावते. नवी आत गेली की जुनी बाहेर पडलीच.

शिफ्ट दाबून सगळं नीट चाललं. जाताना त्याला चहा पाजला.

११ मार्च, सोमवार

शिफ्टने एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं. शिफ्ट दाबलं की पट्ट्याला मधली रेघ दिसतच नाही. डावी ओळ धरली की तो सरळ रेघ ओलांडून उजव्या कप्प्यातलं पण ओढून घेतो. दोन घरांमधली भिंत काढल्यासारखं, याची भाजी त्याच्या ताटात. मिस्त्रीकडे अर्धा पत्ता एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा गेला. त्याने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही.

चष्मेवाल्याला फोन केला. तो म्हणाला चूक माझी, सांगायचं राहिलं. आधी डावा कप्पा पूर्ण स्क्रीनभर मोठा करायचा, मग शिफ्ट, मग पट्टा, मग परत लहान करायचा. तसं केलं. जमलं.

पण त्या मिसळलेल्या ओळीच्या शेवटी आणखी एक तुकडा होता. डावीकडे नव्हता, उजवीकडे नव्हता. शोधून शोधून दमले.

मालाची लिफ्ट. तळमजला आणि पहिला यांच्या मध्ये. एक व्यक्ती.

चष्मेवाला म्हणाला, तिसऱ्या खिशात कोणीतरी कधीकाळी काहीतरी ठेवून विसरलं असेल.

धाकटी परवा एकटी खाली उतरली, लिफ्टने. बाकावर बसून ऊन खाऊन आली. तोंडावर तेज आलं होतं. मला म्हणाली, बटणावर बोट ठेवूनच उभी होते गं, तुझी नोकरी जाऊ नये म्हणून दाबलं नाही.

१३ मार्च, बुधवार

तो तुकडा आज दोनदा आला. चष्मेवाल्याने येऊन तिसऱ्या खिशात मुद्दाम दुसरे शब्द टाकले. काढून बघतो तर तेच. मालाची लिफ्ट. एक व्यक्ती. त्याने चष्मा पुसला. असं व्हायला नको, म्हणाला.

साहेबांना आधीच्या बाईबद्दल विचारलं. एक दिवस दुपारी न सांगता निघून गेली, म्हणाले. हिशोबालाही आली नाही. घरच्यांनीही शोधलं. मी विचारलं, बाहेरच्या चपला टेबलाखाली ठेवून कोण निघून जातं? अनवाणी गेली का घरी? साहेब म्हणाले, बाई, तुम्ही तुमचं काम बघा.

१४ मार्च, गुरुवार

स्क्रीन लहान झाली आहे. काच तेवढीच, पण उजव्या आणि खालच्या कडेला आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, नुसते ठिपके. कप्पे आतल्या आत आकसलेत.

चष्मेवाला म्हणाला, दोन जण दोन ठिकाणांहून हेच कप्पे उघडून बसले की असं होतं. ज्याची स्क्रीन लहान, त्याच्या मापाने सगळं कापलं जातं. उरलेल्या जागेत ठिपके. खालच्या पट्टीत त्याने दाखवलं: जोडलेले, २. मी एक. दुसरं कोण?

साहेब नाही म्हणाले. मिस्त्रीच्या यंत्राला एवढं समजतच नाही. चष्मेवाल्याने त्या दुसऱ्याला तोडून टाकलं. १ झालं, ठिपके गेले. तो जिन्यावर होता तोवर परत २.

म्हणजे हे माझं खरडणं पण कोणीतरी वाचतंय. वाच बाई, वाच. आहे काय त्यात.

मी बाई असं का लिहिलं?

१८ मार्च, सोमवार

पट्टा आपला आपण हलतो. माझा हात माऊसवर नव्हता, मांडीवर होता. पिवळा पट्टा खालच्या कप्प्यात आला आणि माझं जुनं लिखाण चाळत वर वर गेला. हळूहळू, बोट ठेवून वाचावं तसा. एका शब्दावर थांबला.

चपला.

तिथेच थांबून राहिला. मी माऊस आपटला तरी हलला नाही. मग मी खाली वाकून कोपऱ्यातल्या त्या चपला परत टेबलाखाली, होत्या तिथे ठेवल्या. पट्टा गेला.

ठिपके गुरुवारपेक्षा जास्त आहेत.

१९ मार्च, मंगळवार

मिस्त्रीला बसवून विचारलं. आधी आढेवेढे. मग बोलला. त्या बाईचे गुडघे दुखायचे. जिना नको म्हणून ती गुपचूप मालाच्या लिफ्टने खालीवर करायची. ती दिसेनाशी झाली त्या दुपारी त्याला काहीच निरोप आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मालाची लिफ्ट मध्येच अडकलेली दिसली म्हणून त्याने उघडली. आत कोणी नाही. लाल बटण मात्र दाबलेलं, आत रुतून बसलेलं. साहेबांनी फळी ठोकायला लावली.

मी हिशोब लावला.

ती अडकली. तिने बटण दाबलं. हाक उमटली याच स्क्रीनवर, डावीकडे. आणि खुर्ची रिकामी. उचलणारी तीच, आणि तीच आत. ओळ उचलायला कोणी नव्हतं, तेव्हा या यंत्रानेच उचलली. तिसऱ्या खिशात. उचलली आणि ठेवलीच नाही कुठे.

साहेबांना सांगितलं. म्हणाले रजा घ्या दोन दिवस.

२० मार्च, बुधवार

रजा घेतली नाही. मी गेले तर खुर्ची परत रिकामी. आणि धाकटी रोज खाली उतरते आता. तिला सांगितलं, लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. कारण विचारलं तर ओरडले. ती म्हणाली, आधी तूच ढकललंस आणि आता तूच ओढतेस, मी काय ढकलगाडी आहे?

जेवणाच्या सुट्टीत मालाच्या लिफ्टपाशी गेले. फळीच्या फटीला डोळा लावला. आत अंधार असायला हवा. पण छोटी स्क्रीन जळत होती, ती चतकोर पानाएवढी. तिच्यावर बारीक अक्षरं होती. मदत येत आहे, असं नव्हतं.

माझ्या ओळी होत्या. हे. कालचं हे सगळं.

आणि शेजारी पिवळा पट्टा, वाचत.

वर आले. कप्पे आता त्या स्क्रीनएवढेच उरलेत. बाकी सगळे ठिपके. ओळ पुरत नाही, मध्येच तुटते.

२१ मार्च, गुरुवार

हाक आली.

आमची इमारत. सहावा मजला. एक व्यक्ती.

सांगितलं होतं तिला. सांगितलं होतं!

डावा कप्पा मोठा केला, शिफ्ट दाबलं, पट्टा ओढला, चाक दाबलं. आलं, मालाची लिफ्ट. परत केलं. मालाची लिफ्ट. नियम गेला खड्ड्यात, हाताने टाइप करायला घेतलं. मी पुढून लिहितेय आणि पट्टा मागून अक्षरं खातोय. फोन उचलून मिस्त्रीला ओरडले, पळ. तो पळाला, खरंच पळाला. मी बघत राहिले. पट्टा धाकटीच्या ओळीवर गेला. सावकाश. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

ओळ डावीकडून गेली. उजवीकडे आली नाही.

मिस्त्रीचा फोन आला. दार उघडलं. आत कुबडी आहे, धाकटीचा फोन पडलाय, मी तिला लावलेले फोन त्यावर दिसतायत. माणूस नाही. बटण रुतलेलं आहे.

मागे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. जाऊन बघितलं. मालाच्या लिफ्टची फळी आतून फुटली होती. आत कोणी नव्हतं. पायऱ्यांवर धुळीत अनवाणी पावलं होती, बाहेर जाणारी नाहीत, वर येणारी.

परत आले. टेबलाखाली चपला नाहीत. खुंटीवर स्वेटर नाही.

एका खिशात एकच मावतं. नवं आत गेलं की जुनं बाहेर—

माझी धाकटी आत आहे.

२२ मार्च, शुक्रवार

घरी गेले नाही.
चाक दाबलं की
आता येतं ते तिचं.
आमची इमारत.
सहावा मजला.
एक व्यक्ती.

कुठेही ठेवलं तरी
ती येत नाही.
नुसती ओळ येते.

चष्मेवाल्याने
दुसरे शब्द टाकले तेव्हा
खिसा हलला नव्हता.
त्याला शब्द नको.
त्याला माणूस लागतं.

पट्टा माझ्या ओळींवर
फिरतोय. हा हात
आधीचीचा नाही.
हा उतावळा आहे,
अडखळतो, परत फिरतो.
“आपटू नकोस” वर
येऊन थांबला.
धाकटे, तूच ना गं?

नाही आपटत.

साहेबांना सांगून ठेवलंय
मिस्त्रीला फुटलेल्या
फळीपाशी उभं करा.
जुनं बाहेर पडतं
ते तिथूनच.
काही विचारू नका
म्हटलं. पहिल्यांदाच
त्यांनी ऐकलं माझं.

मी मालाच्या लिफ्टमध्ये
जाणार होते. गरज नाही
पडली. आत्ता डावीकडे
ओळ आली—

मदत कक्ष. खुर्ची.
एक व्यक्ती.

बटण मी दाबलेलं नाही.

पट्टा निघालाय. पहिलं
अक्षर पिवळं झालं.
पाय बधिर—

धाकटे, ऐक. बाहेर आलीस
की कुबडी मिस्त्रीकडे
आहे. घर बदल. खालच्या
मजल्यावर घे. या खुर्चीत
बसायचं नाही. मला
सोडवायला म्हणून तर
अजिबात नाही, माझी
शपथ—

चपला काढून टेबलाखाली
ठेवल्यात. रोज कोणाला
तरी बघायला सांग.
त्या जागेवर आहेत
तोवर ठीक आहे. पण
एक दिवस दिसल्या
नाहीत तर समज, दुसरं
कोणीतरी माझ्या ऐव